गळ्याशी थांबणारी पाचर

मी एक जुनी लाकडी पाचर आहे. लांबीला करंगळीएवढी, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. सध्या माझा मुक्काम सिनेमा शिकवणाऱ्या एका संस्थेत, दुसऱ्या मजल्यावरच्या काचेच्या कपाटात आहे. माझ्या डाव्या हाताला तडा गेलेलं एक भिंग आहे आणि उजव्या हाताला बंद पडलेलं स्टॉपवॉच. दोघंही स्वतःला फार मोठी समजतात. माझी गोष्ट निराळी. मी खरोखरच मोठी आहे.

हसू नका, बालमित्रांनो. तुम्ही मला पाहिलं नसेल, पण माझं काम नक्की पाहिलं आहे. सिनेमा सुरू होतो. बाईची पावलं दिसतात. कॅमेरा सावकाश वर चढू लागतो, पोटऱ्या, गुडघे, कंबर, खांदे करत गळ्याशी येतो आणि तिथेच थांबतो. चेहरा दिसत नाही. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता. कॅमेऱ्याला तिथे थांबवणारी मी.

इथले एक प्राध्यापक दर वर्षी नव्या मुलांना माझ्यासमोर आणून उभं करतात. "हे जे गळ्याशी थांबणं आहे ना, हा एक निषेध आहे," ते म्हणतात. "चेहरा नाकारून दिग्दर्शक आपल्याला विचारतोय, ही बाई कोण? ती कुणीही असू शकते." मुलं माना डोलावतात आणि वहीत उतरवून घेतात. ती कुणीही नव्हती. ती कोण होती हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका खोट्या दारातून झाला. स्टुडिओत दारं खोटीच असतात, उघडली तर पलीकडे भिंतीला टेकवलेल्या शिड्या दिसतात. असंच एक दार काम संपल्यावर सुताराने मोडलं आणि त्याचे तुकडे एका खोक्यात टाकून दिले. मीही त्यात पडून राहिले असते. पण त्याच आठवड्यात एका हनुवटीने घोटाळा केला.

त्या स्टुडिओत एक पद्धत होती. हिरॉईनचे पाय, पाठ, कंबर, केस असं काही दाखवायचं असलं की तिला त्रास देत नसत. तिच्या अंगलटीची दुसरी बाई उभी करत. शेवटी चेहरा तेवढा हिरॉईनचा घेत आणि दोन्ही तुकडे जोडून देत. बघणाऱ्याला वाटायचं, बाई एकच आहे. एकदा कॅमेरामनचा हात बोटभर जास्त वर गेला आणि दुसऱ्या बाईची हनुवटी चित्रात आली. ते लक्षात आलं थेट पडद्यावर. एकाच बाईला लागोपाठ दोन निरनिराळ्या हनुवट्या दिसल्या. हिरॉईन इतकी भडकली की चार दिवस तिने मेकअपची खोली आतून लावून घेतली होती.

कॅमेरामन सुताराकडे गेला. कॅमेरामनला सगळे दादा म्हणायचे. "मला असं काहीतरी दे," तो म्हणाला, "की हात चुकला तरी कॅमेरा गळ्याच्या वर जाणार नाही."

सुताराने खोक्यातून एक तुकडा उचलला, रंध्याचे दोन-तीन हात मारले, पॉलिश पेपरने घासला आणि मला दादाच्या तळहातावर ठेवलं. "ही घ्या. हत्तीने जोर लावला तरी आता वर जायचा नाही."

माझं काम समजायला सोपं आहे. कॅमेरा ज्या लोखंडी बैठकीवर बसतो, तिला मागे दांडा असतो. दांडा खाली दाबला की कॅमेऱ्याचं नाक वर जातं आणि शेपूट खाली येते. मी शेपटीखालच्या फटीत बसते. कुठे थांबायचं ते दादा आधी ठरवायचा आणि मला तेवढीच आत ढकलायचा. शेपूट माझ्यावर टेकली की टक् असा बारीक आवाज व्हायचा. टक् झालं की बाई तिथे संपली.

आता थोडं शास्त्र सांगते, परीक्षेला येईल. कुणी बघायचं आणि कुणाला बघायचं, हे सिनेमाच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरून जातं. हिरोची ओळख करून देताना आम्ही कॅमेरा जमिनीलगत ठेवायचो. आधी बूट दिसायचे. मग तो चालत यायचा आणि साहेब आले की शिपाई जसा पाठ न फिरवता मागे सरतो, तसा कॅमेरा त्याच्यापुढे सरत जायचा. बाईच्या वेळीही कॅमेरा जमिनीलगतच असायचा. पण तिने जागचं हलायचं नसायचं. हलायचा कॅमेरा, कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ठाणावरून हात फिरवतं तसा तिच्यावरून. गळ्याशी आला की मी टक् करायचे आणि लगेच बघणाऱ्या पुरुषाचा चेहरा पडद्यावर यायचा. त्याला माल पसंत पडलेला असायचा. मग हिरॉईनचा चेहरा. म्हणजे आधी गिऱ्हाईक, मग बाई.

कधी कधी सुरुवातीलाच बाई मारायची असे. हिरोला शोध घ्यायला काहीतरी लागतंच. अशा बावीस बायका मी मोजल्या. त्यांतल्या दोघींना नाव होतं, आणि त्यातलंही एक चुकीचं छापलं गेलं.

मला या सगळ्याचा भारी अभिमान होता. दादा मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा, पेनाच्या शेजारी. कुणी विचारलं तर मला बाहेर काढून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आहे तोवर माझी नोकरी पक्की." एवढ्याशा लाकडाने आणखी काय मागायचं?

आता पाठमोरीबद्दल सांगते.

पाठमोरी हे तिचं स्टुडिओतलं नाव. नऊ वर्षं ती फक्त पाठीकडून किंवा गळ्याखालून चित्रात आली, म्हणून कुणीतरी तिला पाठमोरी म्हटलं आणि तेच चिकटलं. सगळेच हाक मारायचे, "ए पाठमोरी, चल, पाय हवेत." ती हसून यायची. तिच्या उजव्या घोट्यावर इस्त्रीने भाजल्याचा एक डाग होता, पानाच्या आकाराचा. मेकअपवाला रोज सकाळी तो रंगाने झाकायचा, कारण हिरॉईनच्या घोट्यावर डाग नव्हता.

तिची एक खोड होती. कॅमेरा वर चढू लागला की ती अगदी स्थिर उभी राहायची, पण तो खांद्यापर्यंत आला की तिची हनुवटी आपोआप किंचित वर व्हायची. कुणी हाक मारल्यावर आपण मान वर करतो ना, तशी. नऊ वर्षांत एकदाही कॅमेरा तिथवर गेला नव्हता, तरी तिची हनुवटी वर व्हायचीच. आणि दर वेळी मी टक् करून कॅमेरा अडवायचे. मला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? ती आता हनुवटी उचलणार, आता उचलणार, अशी मी वाट बघत असायचे.

घरी ती आणि तिची मुलगी, दोघीच. मुलगी तुमच्याच वयाची, तिसरीतली. तिने वर्गात सांगितलं होतं, माझी आई सिनेमात असते. वर्गातल्या मुली सिनेमा बघून आल्या आणि म्हणाल्या, कुठे आहे? पुढचा सिनेमा आला, पुन्हा बघून आल्या, पुन्हा म्हणाल्या, कुठे आहे? तेव्हापासून वर्गात तिचं नाव थापाडी पडलं. मायलेकी दोघींनाही दुसऱ्यांनी ठेवलेली नावं मिळाली होती. मुलीला ते नाव फार लागत होतं. पाठमोरी मेकअपवाल्याला सांगायची, "परवापासून डबा परत आणतेय. मधल्या सुट्टीत एकटी बसते म्हणे. एकदा, एकदाच माझं तोंड दिसू दे, म्हणजे पोरीची सुटका होईल."

मग एक नवा डायरेक्टर आला. त्याच्या सिनेमाची सुरुवात अशी होती. एका इमारतीचा जिना. पायऱ्यांवर एक मेलेली बाई पडली आहे, पाय खाली, डोकं वर. कॅमेरा पावलांपासून निघतो, सावकाश चढत जातो आणि तिच्या उघड्या डोळ्यांवर येऊन थांबतो. पुढे हिरो येतो आणि अडीच तास खुन्याला शोधतो. बाईला नाव नाही, बोलणं नाही, हलणं नाही. तरीही चेहरा होता. डायरेक्टरने पाठमोरीला बोलावलं आणि हे काम दिलं.

"सर, डोळे म्हणजे माझेच ना?" तिने विचारलं.

"मग काय शेजाऱ्यांचे आणणार?"

ती पुन्हा म्हणाली, "नाही, म्हणजे, नंतर दुसऱ्या कुणाचं तोंड नाही ना जोडणार?"

"अहो, मेलेली बाई आहे. तिच्यासाठी कोण दुसरी बाई आणतं?"

हे ऐकून ती इतकी आनंदली की काय सांगू. मरायला मिळालं म्हणून पेढे वाटायचीच काय ती राहिली होती.

तालमीचा दिवस रविवार होता. ती मुलीला घेऊन आली. अडचण अशी होती की कॅमेरा डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत पापणी लवता कामा नये. मेलेल्या माणसाची पापणी लवत नाही. मायलेकींनी आठवडाभर स्वयंपाकघराच्या फरशीवर याचा सराव केला होता. आई मरून पडायची आणि मुलगी शेजारी बसून अंक मोजायची. आधी बारापर्यंतच जमायचं, मग वीस, मग चाळीस. हे मुलीनेच दादाला सांगितलं, पाढे पाठ झाल्याचं सांगावं तितक्या अभिमानाने.

पाठमोरी जिन्यावर आडवी झाली. दादाने कॅमेऱ्याखालून मला ओढून काढलं आणि त्या मुलीच्या हातावर ठेवलं. "ही धर. तुझ्या आईच्या वेळी हिचं काही काम नाही. सांभाळ हं, हरवू नको." मग त्याने मुलीला स्टुलावर चढवून कॅमेऱ्याला डोळा लावायला सांगितलं आणि दांडा हळूहळू दाबू लागला.

मी तिच्या मुठीत होते. मूठ घामेजलेली होती. ती मोजत होती, "एक, दोन, तीन..." एकोणीसला मला सवयीने वाटलं, आता टक्. पण टक् झालं नाही. कॅमेरा वर जात राहिला. सव्वीसला तिने मोजणं थांबवलं आणि म्हणाली, "आई आली."

एवढंच म्हणाली. पण तिने मला इतकं घट्ट आवळलं की माझी कड तिच्या तळव्यात रुतली. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पण मित्रांनो, लाज माझ्याजवळ फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळाने मी रागावले. माझ्याशिवाय कॅमेरा चालला, याचा तो राग होता.

दिवसभर तिने मला मुठीतून सोडलं नाही. फ्रॉकने पुसलं, पाणी पिताना डाव्या हातात घेतलं, पुन्हा उजव्या हातात घेतलं. संध्याकाळी मायलेकी निघाल्या. आणि फाटकापर्यंत गेलेली ती मुलगी धावत परत आली.

"दादा, तुमचं लाकूड माझ्याकडेच राहिलं होतं."

"अरे वा," दादा म्हणाला. पाठमोरी फाटकातून कौतुकाने बघत होती. "दुसऱ्याची वस्तू ठेवून घेत नाही हो ती," ती म्हणाली. "शहाणं बाळ आहे माझं." दादाने मला खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरं काम होतं. जिन्याच्या खिडकीतून दहा ते सव्वादहा एवढाच वेळ हवं तसं ऊन यायचं. मुलगी शाळेत होती. पाठमोरीने मेकअपवाल्याला विनवून पाहिलं, "आज तरी घोट्यावरचा डाग राहू द्या ना, पोर ओळखेल." तो म्हणाला, "मेली म्हणून काय झालं? बाई स्वच्छच दिसली पाहिजे." आणि त्याने डाग झाकला.

ती पायऱ्यांवर पडली. ऊन आलं. सगळ्यांची घाई उडाली. दादाने कॅमेरा बैठकीवर चढवला, स्क्रू आवळला आणि वर मान करून पायऱ्यांकडे पाहिलं. पाठमोरी होती. त्याचा हात खिशाकडे गेला. नऊ वर्षं ती समोर असली की तो हात खिशाकडेच जायचा. त्याने मला काढलं, फटीत सरकवलं, अंगठ्याने दाबलं. त्याच्या मनात काहीच नव्हतं. माझ्या होतं. मला ठाऊक होतं की आज मी इथे नको आहे, आणि मी गप्प बसले. लाकूड गप्पच बसतं म्हणा. पण माझ्याऐवजी कुणी बोलू शकलं असतं, तरी मी त्याला बोलू दिलं नसतं.

कॅमेरा चढू लागला. पाय, पोटऱ्या, कंबर, खांदे. टक्.

दादा दचकला. मला ते दांड्यातून कळलं. त्याने तोंड उघडलं, अजून दहा मिनिटं ऊन होतं, पुन्हा घेता आलं असतं. तेवढ्यात मागून, कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणाऱ्या छोट्या पडद्यासमोर बसलेल्या डायरेक्टरचा आवाज आला, "वा! दादा, काय थांबलात हो! गळ्यावर! चेहरा नाहीच! अंगावर काटा आला माझ्या. हे मुद्दाम केलंत?"

दादाने उघडलेलं तोंड मिटलं. मग म्हणाला, "हो. म्हटलं, बघू तुम्हाला आवडतं का."

सगळे दादाचं अभिनंदन करू लागले. पाठमोरी अजून पायऱ्यांवर मेलेली होती. तिला कुणी ऊठ म्हटलंच नव्हतं. ती मनात मोजत होती, ओठ हलू न देता. तिच्या उघड्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं. शेवटी कुणाचा तरी पाय लागला, तेव्हा ती उठून बसली.

"आला का, दादा?"

दादा कॅमेऱ्याचा स्क्रू सैल करत होता. "आला ना. छान आला."

"एकदा बघू का?"

"थिएटरातच बघा की," डायरेक्टर म्हणाला. "तिथे खरी मजा."

सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आमच्या लोकांना बोलावलं होतं. मी दादाच्या खिशात होते. अंधार, पेन, शर्टाचं कापड. मी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही, फक्त ऐकलेत. आमच्या दोन रांगा पुढे पाठमोरी बसली होती, शेजारी तिची मुलगी, आणि मुलीच्या पलीकडे वर्गातल्या दोन मुली. त्यांना मुद्दाम आणलं होतं. "आता बघा हं," मुलगी त्यांना सांगत होती. "सव्वीसला येते."

दिवे गेले. संगीत सुरू झालं. मुलगी मोजू लागली, आधी हळू, मग ऐकू येईल असं. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. पडद्यावरून बुटांचा आवाज आला, पोलिसांच्या गाडीचा आवाज आला, आणि थिएटरात शिट्ट्या पडल्या. हिरो आला होता.

ती मोजायची थांबली नाही. हिरोच्या चेहऱ्यावर तिने वीस म्हटलं, एकवीस म्हटलं, बावीस, तेवीस. शिट्ट्यांमध्ये चोवीस ऐकू आलं नाही. पंचवीस. सव्वीस.

मग तिकडून एक मुलगी म्हणाली, "ही कुणीही असू शकते. थापाडी."

"घोट्यावर डाग आहे आईच्या," ती म्हणाली.

"कुठे होता डाग?"

पाठमोरीने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला असावा, कारण खुर्ची करकरली. "असू दे बाळा," ती म्हणाली. "पुढे बघ. गोष्ट चांगली आहे म्हणतात." तिचा आवाज अगदी सरळ होता. मेल्याचं सोंग करून करून तिला ते जमू लागलं होतं.

मग मुलगी रडू येऊ न देता, गणित चुकल्यावर बाईंना सांगावं तसं म्हणाली, "आई, मी ते लाकूड परत द्यायला नको होतं."

दादाने ते ऐकलं. मीही ऐकलं. तो उठून दोन रांगा पुढे गेला नाही. चूक माझी होती, असं म्हणाला नाही. त्याने खिशावर हात ठेवला, मी आहे ना ते चाचपून पाहिलं, आणि सिनेमा संपेपर्यंत बसून राहिला.

पुढे त्या गळ्यावर थांबण्याचं फार नाव झालं. दादाला बक्षीस मिळालं. इतर कॅमेरामनांनी आपापल्या पाचरी करून घेतल्या आणि दोन-तीन वर्षं कुठल्याही सिनेमाच्या सुरुवातीला बाईला डोकं म्हणून उरलं नाही. पाठमोरी त्यानंतर आली नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली आणि तिचंही नाव पाठमोरीच पडलं, म्हणजे कुणाला नवीन नाव लक्षात ठेवायला नको. मग बटणावर चालणाऱ्या बैठका आल्या. कुठे थांबायचं तो आकडा घातला की कॅमेरा आपोआप थांबतो. मी एका डब्यात पडले, दादा गेल्यावर त्याच्या सुनेने तो डबा या संस्थेला दिला, आणि आता माझ्याखाली मऊ निळं कापड आहे. शिपाई दर सोमवारी काच पुसतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू बोलू लागल्या की शेवटी एकच मागणं मागतात. आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला हरवू नका. तुमच्या पुस्तकात छत्री हेच मागते, सायकल हेच मागते. माझं मागणं उलटं आहे. त्या मुलीने मला चांगलं जपलं होतं. फ्रॉकने पुसलं होतं. शहाण्या मुलांनी करावं तेच केलं होतं, आणि अजूनही कुठेतरी, आता मोठी झालेली ती, चूक आपली होती असं समजत असेल. कारण तिला खरं सांगणारा एकच माणूस होता, आणि तो बसून राहिला.

म्हणून कधी या कपाटाचं कुलूप उघडं दिसलं, तर मला उचला आणि एखाद्या लहान मुलीच्या हातात द्या. मला हरव, असं तिला सांगा. आणि ती मला परत द्यायला धावत आली, तर घेऊ नका.